सामान धरायला माणूस नको, पट्टा हवा

पिकअपमधून व्हिडिओ गेमचं मशीन कसं न्यावं, हा विषय फिजिशियनच्या लेखात पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. बीपी, शुगर, थायरॉइड सोडून डॉक्टर टेम्पोच्या हौद्यात कुठे चढले, असंही कुणी म्हणेल. पण टेम्पोच्या हौद्यात जे घडतं, ते शेवटी दवाखान्यातच येतं. कधी भरलेली कंबर म्हणून, कधी चेंगरलेलं बोट म्हणून आणि कधी अॅम्ब्युलन्समधून. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना व्हिडिओ गेम पार्लर आठवत असेल. कपाटाएवढं उभं मशीन, मध्ये काचेचा पडदा, खाली दांडी आणि बटणं. नाणं किंवा टोकन टाकायचं आणि जीव संपेपर्यंत खेळायचं. मोबाइल आला आणि ही पार्लर हळूहळू बंद झाली. आता तीच मुलं चाळिशीत आहेत, हातात थोडा पैसा आहे, आणि कुणी ते मशीन हौसेने घरी आणतं, कुणी कॅफेत ठेवतं, कुणी जत्रेतल्या स्टॉलसाठी घेतं. मशीन मिळतं मुंबईला किंवा पुण्याला, आणायचं असतं नाशिकला. मग ओळखीतला एक पिकअपवाला, दोन मित्र, एक नायलॉनचा दोर, आणि ते ठरलेलं वाक्य: "तू मागे बस रे, धरून ठेव फक्त."

माझं सगळं म्हणणं या वाक्याविरुद्ध आहे. जड वस्तू गाडीला बांधायची असते, माणसाने धरायची नसते. गेमचं मशीन असो, फ्रिज असो, लोखंडी कपाट असो की वॉशिंग मशीन असो, ती धरायला हौद्यात माणूस बसवणं ही काळजी नाही, तो धोका आहे. का, ते आता पाहू.

हे मशीन इतकं धोक्याचं का?

स्पेस इन्व्हेडर्स हा जपानी गेम १९७८ साली आला, पॅकमॅन १९८० साली. त्या काळापासून या उभ्या मशीनचा आकार फारसा बदललेला नाही. उंची साधारण माणसाएवढी, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास. वजन बहुतेक वेळा १०० ते १५० किलो. जुन्या मशीनमध्ये काचेची जाड पिक्चर ट्यूब असते, जुन्या टीव्हीत असायची तशी. ही ट्यूब मशीनच्या वरच्या भागात आणि पुढच्या बाजूला बसवलेली असते. खालचा भाग बराचसा पोकळ लाकडी खोका असतो. म्हणजे वजन वर आणि पाया अरुंद. अशी वस्तू उभी असताना भक्कम दिसते, पण थोडी कलली की परत सरळ होत नाही, सरळ अंगावर येते.

डॉक्टरांचा या यंत्रांशी संबंध तसा जुना आहे. १९८१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं पत्र छापून आलं होतं, 'स्पेस इन्व्हेडर्स मनगट' या नावाने. सतत दांडी आणि बटणं हलवून मनगट दुखू लागतं, असा त्याचा विषय. वाचताना गंमत वाटते. पण १९८८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात जे छापून आलं, त्यात गंमत नव्हती. नाणं टाकून शीतपेयाचा डबा मिळतो, ती मशीन हलवताना अंगावर पडल्याने जखमी झालेल्या १५ तरुणांची ती माहिती होती. वय १५ ते २४ वर्षं. त्यातले तिघे दगावले, बाकीच्या बारा जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. ती मशीन गेमच्या मशीनपेक्षा बरीच जड असतात, हे खरं. पण लक्षात घ्या, ही सगळी मशीन जमिनीवर, एका जागी उभी होती. तुम्ही तशाच आकाराची वस्तू चालत्या गाडीत, खड्ड्यांतून आणि स्पीडब्रेकरवरून नेणार आहात.

दोन माणसं धरतील की!

"आम्ही दोघं मागे असतो, धरून ठेवतो," हे मी अनेकदा ऐकलं आहे. म्हणून थोडा हिशेब करू. शाळेतलं गणित पुरेसं आहे.

गाडी जोरात ब्रेक लावते तेव्हा आतली प्रत्येक वस्तू पुढे जाऊ पाहते. युरोपात ट्रकमधला माल बांधण्याचे जे नियम आहेत, त्यात असं धरलं जातं की बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर सहन केला पाहिजे, बाजूंना आणि मागे ५० टक्के. आपलं मशीन १२० किलोचं धरा. म्हणजे ब्रेकच्या क्षणी पुढे ९६ किलोचा जोर, आणि जोराच्या वळणावर बाजूला ६० किलोचा.

आता धरणाऱ्या माणसाकडे पाहा. त्याचं स्वतःचं वजन ७० किलो. त्याच ब्रेकला तो स्वतःही ५६ किलोच्या जोराने पुढे फेकला जातो. त्याला सीट नाही, बेल्ट नाही, पाय रोवायला काही नाही. जो स्वतःला धरू शकत नाही, तो मशीन काय धरणार? आणि हे सगळं घडतं एका सेकंदाच्या आत. तयारी करायला, "धर रे" म्हणायलासुद्धा वेळ नसतो.

दुसरा मुद्दा कलंडण्याचा. मशीनची खोली साधारण ८० सेंटिमीटर आणि वजनाचा मध्य जमिनीपासून एक मीटरवर धरला, तर वजनाच्या ४० टक्के जोर लागला की ते कलंडायला लागतं. म्हणजे जोराच्या ब्रेकला नुसतं सरकणार नाही, पडणारच. आणि धरणारा माणूस बहुतेक वेळा मशीन आणि केबिनची भिंत यांच्या मध्येच बसलेला असतो, कारण तिथे टेकायला बरं पडतं. थोडक्यात, मशीन जिथे पडणार, नेमकं तिथेच आपण माणूस बसवतो.

पट्टा थकत नाही, पट्ट्याचं लक्ष मोबाइलकडे जात नाही, पट्ट्याची बरगडी मोडत नाही. चांगला रॅचेट पट्टा, म्हणजे खटका मारत घट्ट करता येतो तो, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. दोन-तीन पट्ट्यांचा खर्च आणि एका फ्रॅक्चरचा खर्च यांची तुलना मी करून दाखवायची गरज नाही.

हौदा माणसांसाठी नाही

नाशिककरांना १२ जानेवारी २०२५ची संध्याकाळ आठवत असेल. निफाडकडचा एक धार्मिक कार्यक्रम आटोपून सिडकोकडे परतणाऱ्या लोकांचा टेम्पो द्वारका भागातल्या उड्डाणपुलावर लोखंडी सळया नेणाऱ्या ट्रकवर मागून आदळला. पाचहून अधिक जीव गेले, अनेक जण गंभीर जखमी झाले. त्या टेम्पोत कुणी सामान धरायला बसलेलं नव्हतं, हे मान्य. पण त्या एका अपघातात आपल्या आजच्या विषयाच्या दोन्ही बाजू दिसतात. एक, माल न्यायच्या गाडीत मागे बसलेली माणसं. दोन, दुसऱ्या गाडीतला असा माल, जो मागून येणाऱ्याच्या जिवावर उठला.

कारमध्ये तुमच्याभोवती सीट असते, बेल्ट असतो, कारखान्यात विचार करून बनवलेला सांगाडा असतो. हौद्यात यातलं काहीही नसतं. तिथे माणूस म्हणजे आणखी एक न बांधलेली वस्तू. आदळल्यावर तो पत्र्यावर, सामानावर किंवा थेट रस्त्यावर जातो. डोकं, मान आणि छाती यांच्या दुखापती अशा अपघातांत जास्त दिसतात, आणि जिवावर बेततं ते त्यांनीच.

कायदाही हेच सांगतो. मालवाहू गाडीत प्रवासी नेता येत नाहीत. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत जाऊ शकतो. त्याच्यासाठी विम्याचं संरक्षण १९९४च्या दुरुस्तीने दिलेलं आहे. पण त्याने चालकाशेजारी केबिनमध्ये बसायचं, हौद्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून स्पष्ट झालेलं आहे. हौद्यात बसलेल्या माणसाला काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग भरपाईचा भार गाडीच्या गरीब मालकावर किंवा जखमीच्या घरच्यांवर येतो. माल गाडीच्या बाहेर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त डोकावत असेल तर २०१९च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. मी दंडाची भीती घालत नाही. नियम का केला ते समजलं तर भीतीची गरज उरत नाही.

"अहो डॉक्टर, इंदिरानगर ते पाथर्डी फाटा, दहा मिनिटांचं तर अंतर आहे." हा पुढचा युक्तिवाद. मशीनला अंतर कळत नाही. समोर अचानक गाय किंवा दुचाकी आली की लावलेला ब्रेक दहा मिनिटांच्या प्रवासातही तेवढाच जोराचा असतो. उलट जवळ जायचं असतं तेव्हाच आपण बांधायचा कंटाळा करतो. कसारा घाट उतरायचा असेल तर तोच माणूस चार गाठी जास्त मारतो.

उचलणं हे कौशल्याचं काम आहे

पडण्याइतकाच मोठा धोका चढवण्या-उतरवण्यात आहे. एका माणसाने किती वजन उचलावं? कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेच्या सूत्रात, अगदी आदर्श परिस्थितीतही, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, चांगली पकड आणि वळायची गरज नाही अशा वेळी, २३ किलो ही मर्यादा धरली आहे. वस्तू जमिनीवरून उचलायची असेल, हात लांब करावे लागत असतील, जिन्यात वळावं लागत असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. आता १२० किलोला चार जणांनी भागा. प्रत्येकी ३० किलो. आणि वजन कधीच सारखं वाटलं जात नाही. जिन्यात खालच्या बाजूला जो असतो, त्याच्यावर सगळ्यात जास्त येतं.

आपल्या कण्याच्या मणक्यांमध्ये गादीसारख्या चकत्या असतात. वाकून, त्यात कमरेत पीळ देऊन वजन उचललं की कमरेच्या खालच्या चकत्यांवर प्रचंड ताण येतो. चकती मागे सरकली आणि नसेवर दाबली की कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. यालाच लोक 'नस दबली' किंवा 'सायटिका' म्हणतात. ओपीडीत अशा रुग्णांची कहाणी थोड्याफार फरकाने एकच असते. एरवी दिवसभर खुर्चीत बसून काम, वय पस्तीस ते पन्नास, घर बदलताना किंवा एखादी जड वस्तू आणताना हमालाचे पैसे वाचवले, आणि मग पुढचे दोन-तीन आठवडे गोळ्या, सुट्टी आणि फिजिओथेरपी. वाचवलेले पैसे पहिल्याच आठवड्यात जातात.

आपल्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांचा लढा होता. ओझं वाहणं हे कसबाचं काम आहे, त्याला दाम आणि संरक्षण मिळालं पाहिजे, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलं. आपण घरी मात्र ते काम भाच्यावर आणि शेजारच्या पोरांवर ढकलतो, वर चहा-भजी देऊन मोकळे होतो.

म्हणून जड मशीनसाठी अनुभवी हमाल बोलवा, आणि पुरेसे बोलवा. चार जणांचं काम दोघांत करून घेऊ नका. घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवा की त्यांचा कणा आपल्यासारखाच आहे, आणि तो मोडला तर त्यांच्या घरची चूल थांबते. मला कुणी विचारलं की हमालीचे पाचशे रुपये कुठे वाचवू, तर मी म्हणेन, मशीनच्या किमतीत वाचवा, हमालीत नाही.

काही जणांनी वजनाला हातच लावू नये. हृदयविकार असलेले, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले, बीपी काबूत नसलेले, हर्निया असलेले, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेले, हाडं ठिसूळ झालेले, आणि गरोदर स्त्रिया. जोर लावताना आपण श्वास रोखतो, त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. निरोगी तरुणाला ते झेपतं, आजारी हृदयाला झेपेलच असं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही दूर राहावं, कारण साधा मारसुद्धा त्यांना महागात पडतो.

मशीन कसं न्यायचं?

आता प्रत्यक्ष कामाचं.

निघण्यापूर्वी: मशीनमधली नाण्यांची पेटी, सुटी काच, हलणारे भाग काढून वेगळे बांधा. मागचं दार कुलूप लावून किंवा चिकटपट्टीने बंद करा. वायर गुंडाळून आत ठेवा, ती पायात अडकून माणसं पडतात. दोन्ही टोकांचे दरवाजे आणि जिना आधी मोजा. अर्ध्या जिन्यात मशीन अडकलं की माणसं घाईत चुकीचा जोर लावतात. पायात बूट असू द्या, चप्पल नको. हातात मोजे असू द्या, बोटातली अंगठी काढून ठेवा.

ट्यूबला हात नको: जुन्या मशीनमधली पिक्चर ट्यूब प्लग काढल्यावरही बराच काळ विजेचा भार धरून राहू शकते, हजारो व्होल्टचा. मशीन मागून उघडून आत हात घालू नका. उघडायचंच असेल तर जुने टीव्ही दुरुस्त करणारा जाणता मेकॅनिक बोलवा. ट्यूबच्या आत हवा नसते, त्यामुळे ती फुटली तर काच आत खेचली जाऊन जोरात उडते. डोळ्याला लागली तर दृष्टी जाऊ शकते.

चढवताना: उचलण्यापेक्षा सरकवणं नेहमी सोपं. टेम्पोची पाठ एखाद्या ओट्याला किंवा धक्क्याला लावता आली तर अर्धं काम झालं. नाहीतर लांब, जाड फळी लावा. फळी जितकी लांब तितका उतार सौम्य. हौदा पाऊण मीटर उंच असेल तर तीन मीटरची फळी बरी. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेला असावा. मशीन दोन चाकांच्या ढकलगाडीला पट्ट्याने बांधा आणि वरून ओढा. फळीवर मशीनच्या बरोबर खाली कुणीही उभं राहायचं नाही. मदत बाजूने करायची. हुकूम एकानेच द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मशीन हातातून सुटलं तर सोडून द्यायचं, बाजूला व्हायचं. पडणारं मशीन झेलायला जाणं हीच सगळ्यात मोठी चूक. लाकूड पुन्हा जोडता येतं.

हौद्यात: जागा असेल तर मशीन गादीवर किंवा जाड गोधड्यांवर पाठीवर झोपवा, पडदा आकाशाकडे. झोपलेली वस्तू कलंडत नाही. पडदा खाली करून कधीही झोपवू नका. मशीन जुनं असेल तर झोपवण्यापूर्वी मेकॅनिकला विचारून घ्या. फ्रिजचं उलट आहे, तो उभाच न्यायचा. उभं न्यायची वेळ आली तर मशीनची सपाट पाठ केबिनच्या भिंतीला घट्ट टेकवा, मध्ये गादी ठेवा. मशीनला चाकं असतील तर ते चाकांवर उभं ठेवू नका, खाली फळी सारून स्थिर करा. किमान दोन पट्टे, एक वरच्या भागात, एक खालच्या. झोपवलेल्या मशीनला एक डोक्याकडे, एक पायाकडे. पट्टे हौद्याच्या कड्यांना अडकवा, मागच्या फाळक्याला नाही, फाळका उघडू शकतो. बांधून झालं की मशीनला जोरात हलवून पाहा. मशीनबरोबर सगळी गाडी हलली पाहिजे, मशीन एकटं नाही.

रस्त्यात: दोन-तीन किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, पहिल्या काही खड्ड्यांत ते सैल होतातच. उभं मशीन असेल तर रस्त्यावर लोंबणाऱ्या वायरींकडे लक्ष ठेवा, पण त्या उचलायला कुणाला मशीनवर चढवू नका. ताडपत्री लावली तर तीही घट्ट बांधा. मागून काही डोकावत असेल तर असा प्रवास करूच नका, मोठी गाडी घ्या. शक्यतो दिवसा जा. सगळी माणसं केबिनमध्ये, आणि केबिनमध्ये मावत नसतील ती मागून रिक्षाने किंवा दुचाकीवर हेल्मेट घालून.

लागलंच तर काय कराल?

कुणी वजनाखाली सापडलं तर आधी आजूबाजूची माणसं गोळा करा आणि सगळ्यांनी मिळून वजन शक्य तितक्या लवकर, सरळ वर उचला. जखमीला खालून खेचून काढू नका. तो किती वेळ दबलेला होता ते लक्षात ठेवा. तासाभराहून जास्त वेळ दबलेला असेल तर १०८ला ते आधीच सांगा. दबलेले स्नायू मोकळे झाल्यावर त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि किडनी व हृदयाला धोका होतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं नंतर किडनी बंद पडून दगावत होती. तिथल्या डॉक्टरांनी १९४१ साली हे लिहून ठेवलं, तेव्हा कुठे याचं कारण कळलं.

महाराष्ट्रात १०८ची अॅम्ब्युलन्स २०१४पासून आहे, ती मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. मानेला किंवा पाठीला मार असेल, हातपाय बधिर वाटत असतील तर जखमीला उठवू-बसवू नका, रिक्षात कोंबू नका, अॅम्ब्युलन्सची वाट पाहा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. हळद, चुना, टूथपेस्ट काही लावू नका. बोट तुटलं असेल तर तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट लावू नका. रस्त्यावर जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका.

काही तक्रारी उशिरा उमटतात. खालीलपैकी काहीही झालं तर 'उद्या बघू' म्हणू नका.

चेंगरलेला हात किंवा पाय टणक होणं, मार लागला त्या मानाने वेदना फारच जास्त असणं, बोटं हलवताना जीव जाणं. स्नायूंच्या आत दाब वाढत असतो आणि काही तासांतच ऑपरेशन करावं लागू शकतं.

लघवी चहाच्या किंवा कोकच्या रंगाची होणं.

कंबर भरल्यानंतर लघवी न होणं किंवा तिच्यावर ताबा न राहणं, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं. ही साधी कंबरदुखी नाही, ही इमर्जन्सी आहे.

डोक्याला मार लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा किंवा बरळणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षणं नसली तरी तपासून घ्या.

श्वास घेताना छातीत कळ किंवा दम लागणं.

नुसता मुका मार किंवा साधी उसण असेल तर पहिले एक-दोन दिवस बर्फाचा शेक आणि झेपेल तेवढी हालचाल पुरते. आठवडाभर अंथरुणात पडून राहिल्याने कंबर उलट आखडते. उसण भरलेल्या कमरेवर पाय देऊन घेणं किंवा जोरात मालिश करवून घेणं टाळा. जखम झाली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

चालकाशी आधीच बोला

हे सगळं वाचून वाटेल, एवढी उठाठेव एका खेळण्यासाठी? पण पट्टे बांधायला पंधरा मिनिटं लागतात, त्याहून जास्त नाही. पिकअप ठरवताना भाड्याबरोबर तीन प्रश्न विचारा. हौद्याला कडी आहेत का? पट्टे आहेत का? आणि मागे कुणी बसणार नाही, हे चालेल ना? चांगला चालक तिसऱ्या प्रश्नावर खूशच होईल, कारण काही झालं तर पहिला तोच अडकतो. जो म्हणेल, "काही होत नाही साहेब, पोरगं बसेल मागे," त्याची गाडी घेऊ नका.

आणि तुम्हीच ते पोरगं असाल, मित्राने किंवा मामाने हौद्यात चढायला सांगितलं असेल, तर सरळ नाही म्हणा. वाईट वाटेल याची काळजी करू नका. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, माझं नाव खुशाल पुढे करा.

मशीन घरी पोचलं की मनसोक्त खेळा. दर अर्ध्या तासाने मनगटाला तेवढी विश्रांती द्या.